बोकडाचा भाव ठरवतो कोण?

बकरी ईद जवळ आली की आठवडी बाजारात बोकडाचा भाव चढतो, ईद सरली की उतरतो. उन्हाळ्यात चारा-पाणी आटले, की गरजू शेतकरी मिळेल त्या भावात जनावर सोडतो. ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते, म्हणून बोकड कधी तयार करायचा याचे गणित आधीच मांडता येते. पण अनेक बाजारांत सौदा आजही नजरेच्या अंदाजाने किंवा रुमालाखाली बोटे दाबून होतो. शेजारच्याला काय मिळाले, हे विकणाऱ्याला कळतच नाही. सण आणि दुष्काळ कुणाच्या हातात नाहीत. वजनकाटा आणि भावफलक मात्र बाजार समितीच्या हातात आहेत. जिवंत वजनावर विक्री सक्तीची झाल्याशिवाय तेजीचा फायदा गोठ्यापर्यंत पोहोचणार नाही.