खोट काढणारे पारखी

आमच्या नंदुरबारात हल्ली काही मंडळी सुट्टे पैसे मोजत नाहीत, तपासतात. चहावाल्यानं दोनचं नाणं परत दिलं, की चष्मा कपाळावर चढतो, नाणं उन्हात धरलं जातं आणि सालाखाली बारीक ठिपका दिसला, की चेहरा उजळतो. टांकसाळीची चूक! आता लाख रुपये कुठं जात नाहीत!

अहो, ती चूक नव्हे, टांकसाळीचा पत्ता आहे. ठिपका म्हणजे नोएडा, चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद आणि काहीच नसलं तर कोलकाता. खरी चूक नाणं पाडतानाच होते. कोरी चकती सरकली, तर ठसा एका अंगाला पडतो आणि काठाशी चंद्रकोरीएवढी जागा कोरी राहते. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं, तर पुढच्यावर त्याचीच छाप उलटी आणि खोलगट उमटते. पण पोरांनी रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं दुर्मिळ कसं? त्यात टांकसाळीचा काय दोष?

आणि ते लाख? जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आमच्या नावानं कुणी कमिशन मागितलं तर देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेनंच २०२१ साली बजावलंय.

तरी छंदाबद्दल माझी तक्रार नाही. खुशाल भिंग लावा. माझं भांडण पुढंच आहे. हेच पारखी आठवड्याच्या बाजारात जातात. धडगावकडून आमचूर विकायला आलेली बाई सुट्टे म्हणून दहाचं धडधाकट नाणं पुढं करते. लगेच हे म्हणतात, "हे चालत नाही, मावशी. नोट द्या. यावर रुपयाचं चिन्ह कुठाय?"

ते चिन्हच मुळी २०१० साली आलं! आधी पाडलेल्या नाण्यावर ते उमटणार कसं? तोवर निघालेले दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने चालतात, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं. पण बाजारात रिझर्व्ह बँकेला विचारतो कोण? ती बाई वाद घालत नाही. नाणं पदराच्या गाठीत परत बांधते आणि कनवटीची नोट काढून देते. सातपुडा उतरून आलेल्या बाईची कमाई अशी गाठीतच अडकते.

म्हणजे मोडकं नाणं लाखाचं आणि धड दहा रुपये कवडीमोल! मंडळी, खोट शोधायचीच तर घरी बसून शोधा. बाजारात मात्र आधी नाणं घ्या.