कापलेला कॅट

गेल्या कोजागरीस आमच्या गच्चीवर दूध आटत असतां तीनपत्तीचा डाव पडला होता. पैशांऐवजीं चिंचोके, त्यामुळे वडीलधाऱ्यांचीहि ना नव्हती. आमच्या बंधूंच्या सोळा वर्षांच्या चिरंजीवांनीं आपल्या वाटपाचे लागोपाठ तीन डाव जिंकले. चौथ्या वेळीं आत्याबाईंनीं आपलीं पानें उचललींच नाहींत. "कॅट कापून दिला कीं तूं दर खेपेस माझ्या तोंडाकडे पाहून कांहीं तरी विचारतोस," त्या म्हणाल्या, "एरवीं कुठें रे माझी इतकी विचारपूस?" मुलगा कानापर्यंत लाल झाला.

त्यानें साधलेली युक्ति फार जुनी आहे. इंग्रज जादूगार तिला 'पास' म्हणतात, फ्रेंच 'सो द कूप', म्हणजे कापणीवरची उडी. कॅट कापला म्हणजे मांडून ठेवलेले एक्के वरून मध्यें जातात. लबाड वाटणारा दोन भाग एकावर एक ठेवतांना त्यांच्यामध्यें डाव्या हाताची करंगळी घालतो. उजवा हात वरून कॅटावर झांकण घालतो आणि खालचा भाग दोन्ही टोकांनीं धरतो, अंगठा आपल्याकडे व बोटें पलीकडे. वरचा भाग डाव्या हाताची करंगळी आणि बाकीचीं तीन बोटें यांच्या चिमटींत असतो. मग डावीं बोटें किंचित् लांबवावयाचीं, कीं वरचा भाग बाजूनें निसटून खालीं येतो व खालचा त्याच्यावरून चढतो. कापणें झालें न झालें सारखेंच! हें सगळें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच व्हावें लागतें, आणि पानांचा आवाज होतां कामा नये. तेवढ्यासाठीं महिनेच्या महिने जातात.

जादूगाराचा उपयोग निराळा. प्रेक्षकानें घेतलेलें पान कॅटाच्या मध्यें परत ठेवलें कीं त्याच्यावर करंगळी. उडी मारली कीं तें सर्वांत वर. लंडनचे एक बॅरिस्टर अँजेलो लुइस यांनीं 'प्रोफेसर हॉफमन' या टोपणनांवानें 1876 सालीं 'मॉडर्न मॅजिक' हा ग्रंथ लिहिला, त्यांत पत्त्यांच्या प्रकरणांत ही क्रिया सविस्तर दिली आहे. त्यापूर्वीं 1861 मध्यें घड्याळजीचा मुलगा असलेल्या रोबेर-हूदँ या फ्रेंच जादूगारानें जुगाऱ्यांच्या लबाड्या उघड करणारें पुस्तकच काढलें होतें. चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात, पण येथें त्या सावालाहि पुऱ्या ठाऊक होत्या.

आम्हांस अधिक नवल वाटतें तें 1902 सालीं शिकागोस निघालेल्या 'दि एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल' या पुस्तकाचें. कर्त्यानें एर्डनेझ असें नांव घातलें. तो खरा कोण, याचा वाद अजूनहि मिटलेला नाहीं. पैशाची गरज म्हणून लिहितों, असें तो प्रस्तावनेंतच निर्लज्जपणें सांगून टाकतो. या उडीचे कित्येक प्रकार शिकवून झाल्यावरहि त्याचा अभिप्राय असा कीं, हात स्थिर ठेवून कांहींच घडलें नाहीं असें भासवील अशी उडी अद्याप कोणी शोधून काढलेली नाहीं. जादूगाराला हें चालतें. तो बोलतो, हंसतो, प्रश्न विचारतो, आणि उत्तर देण्यासाठीं माणूस मान वर करतोच. डावावर बसलेल्या माणसांच्या नजरा मात्र वाटणाऱ्याच्या हातांवर खिळलेल्या असतात. आमच्या पुतण्यानें जादूगाराची गोष्ट जुगाराच्या बैठकींत वापरली व सांपडला. याचें आम्हांस वाईट वाटलें नाहीं.

चिंचोके त्यानें परत केले. पानें वाटण्याचें काम मात्र त्याच्याकडे पुन्हा कोणी दिलें नाहीं, आणि तें त्याला फार लागलें असावें. कारण दिवाळीपर्यंत त्यानें कॅटाला हात लावला नाहीं. भाऊबीजेच्या संध्याकाळीं आत्याबाईंनींच कॅट त्याच्यापुढें टाकला. "जादू म्हणून दाखव." बदामाची राणी त्यांनीं निवडली, मध्यें ठेवली, आणि नजर त्याच्या हातांवर रोखून बसल्या. पोराचीं बोटें थरथरलीं. वर निघाली किलवरची सत्ती. "पुन्हा कर," आत्याबाई म्हणाल्या. या खेपेस त्याच्या तोंडून शब्द निघण्याच्या आधींच त्यांनीं मान वर केली आणि फराळाचें कांहीं हवें का म्हणून त्यालाच विचारलें. राणी वर आली. त्यांनीं तें मुद्दाम केलें कीं सहज, हें आम्हीं त्यांना विचारलेलें नाहीं.