तक्रारीचा रकाना

इजिप्तहून परतून आता बरेच दिवस झाले. बुटांतली वाळू झटकून झाली, फोटो नातेवाइकांना दाखवून झाले, आणि सगळं विसरायला लागलो होतो तेवढ्यात या आठवड्यात टूर कंपनीचा फॉर्म आला. मोबाइलवरच. आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, वगैरे. हॉटेल कसं होतं? बसचा एसी? जेवण? टूर मॅनेजरची वागणूक? प्रत्येकासमोर पाच तारे, आणि तारा दाबल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मी चिकाटीने शेवटपर्यंत गेलो. इजिप्तबद्दल एकही प्रश्न नव्हता. कर्नाक कसं वाटलं, राजांच्या थडग्यांत उतरल्यावर काय वाटलं, याची कोणाला पडलेली नव्हती. एसी मात्र विचारला होता.

जेवणाला मी तीन तारे दिले. थोड्याच वेळात फोन. ‘सर, काही प्रॉब्लेम झाला का?’ मी सांगायला सुरुवात केली. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘सर, मग मी तुमचे चार करून घेऊ का?’

नेहमीच्या वाचकांना माझा स्वभाव ठाऊक आहे. केरळच्या हाउसबोटीबद्दल लिहिलं होतं, तेव्हा साताऱ्याच्या एका बाईंनी विचारलं होतं, की एवढा त्रास होतो तर तुम्ही घराबाहेर पडता कशाला? प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे प्रवास ही ठरवते आणि कुरकुर मी करतो, अशी लग्नापासूनची वाटणी आहे. दोघंही आपापलं काम चोख करतो.

आता माहिती एकदाची सांगून टाकतो. कैरोला पिरॅमिड, तिथून विमानाने अस्वान, मध्यरात्रीनंतर उठून वाळवंटातून अबू सिंबेल, मग बोटीत बसून नाईलवरून उत्तरेकडे, वाटेत कोम ओम्बो आणि एडफू, शेवटी लक्सर. लक्सरच्या पूर्व तीरावर कर्नाक, पश्चिम तीरावर राजांची दरी. सगळ्या कंपन्यांचा रस्ता साधारण हाच, आणि तो आजचा नाही. ज्या वर्षी सुएझ कालवा खुला झाला त्याच वर्षी, १८६९ साली, थॉमस कुकने स्वतः पहिली तुकडी नाईलवर नेली होती. नदी तीच, देवळं तीच. फक्त बोटीवर आता रात्री पांढरे झगे घालून नाचावं लागतं.

कर्नाकच्या मोठ्या दालनात १३४ खांब आहेत. मधले बारा एकवीस-एकवीस मीटर उंच. मान मागे टाकून बघितलं तर टोपी पडते. आम्हाला तिथे ‘फ्री टाइम’ मिळाला वीस मिनिटं. मी बसमध्ये हिशोब केला: खांबाला नऊ सेकंद. त्याच संध्याकाळी पपायरसच्या दुकानात मात्र आम्ही तासभर होतो. लव्हाळ्याची साल काढून पट्ट्या कशा कापतात, भिजवून आडव्या-उभ्या कशा रचतात, दाबून कागद कसा होतो, हे तिथल्या मुलीने इतकं सावकाश दाखवलं की कागद आमच्यासमोर वाळला असता. वर जास्वंदीचं थंड सरबत. ‘घाई करू नका,’ हे शब्द त्या सबंध सहलीत मी तिथेच ऐकले. शेवटी प्रत्येकाला स्वतःचं नाव फेरोसारखं लांबट चौकटीत लिहून घ्यायची सोय होती. आमच्या ग्रुपमध्ये एकच माणूस त्याला बधला नाही. नाना.

नानांबद्दल आधी सांगायला हवं होतं. नाना गिरणगावात वाढलेले. वडील गिरणीत, १९८२ चा संप घरात पाहिलेला. पुढे स्वतः नोकरीत असताना आयुष्यभर युनियनचं काम केलं. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्याला पिशवी, पिशवीत चिवडा. अबू सिंबेलला आमच्या गाइडने, हे आख्खं देऊळ १९६४ ते १९६८ या काळात कापून, हजारावर तुकडे करून, धरणाच्या पाण्यापासून वाचवायला पासष्ट मीटर वर कसं चढवलं, ते मोठ्या अभिमानाने सांगितलं. मग गाभाऱ्याकडे बोट दाखवलं. आत चार मूर्ती शेजारीशेजारी बसलेल्या: तीन देव आणि त्यांच्या पंक्तीला स्वतः रामसेस दुसरा. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरमध्ये, सूर्याचा किरण थेट आत जातो आणि तिघांवर पडतो. चौथा प्ताह. तो पाताळाशी नातं असलेला, म्हणून अंधारात राहतो. सगळे ‘वाऽ’ म्हणाले. नाना म्हणाले, ‘तीन हजार वर्षं त्याने काही मागणी केली नाही?’

जेवणाचंही सांगूनच टाकतो, कारण फोनवर ते अर्धं राहिलं. इजिप्तमध्ये कोशरी नावाचा पदार्थ आहे. भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा आंबट-तिखट रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा. रस्त्यावर मिळतो, स्वस्त असतो आणि संपूर्ण शाकाहारी असतो. म्हणजे आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांसाठी जणू मुद्दाम बनवलेला. आम्हाला तो एकदाही दिला नाही. रोज रात्री पनीर. नाईलच्या मध्यावर, दोन्ही काठांवर खजुराची झाडं आणि मावळता सूर्य, आणि ताटात पनीर माखनवाला. बसच्या खिडकीतून मला कोशरीची दुकानं दिसायची. बाहेर लोक उभ्याने खात होते. टूर मॅनेजर म्हणाला, ‘सर, पोट बिघडलं तर?’ पोट पनीरने बिघडलं, ही गोष्ट वेगळी.

तर राजांची दरी. तिथे एक नियम आहे, आणि तो मला फार आवडला: थडग्याच्या आत गाइडने बोलायचं नाही. जे सांगायचं ते बाहेर उन्हात, लॅमिनेट केलेली चित्रं हातात धरून. नेहमीच्या तिकिटात तीन थडगी. तुतनखामेन, सेती पहिला आणि रामसेस सहावा यांची तिकिटं वेगळी काढावी लागतात. मी रामसेस सहाव्याचं काढलं. आत उतार लागतो. लांबच लांब सरळ बोळ, दोन्ही भिंतींवर देव, साप, होड्या, डोकी उडवलेले शत्रू. आणि सगळ्यात खाली शवपेटीच्या दालनात मान वर केली की छतावर नूत. आकाशदेवी. तिचं अंग पिवळं, मागे गडद निळं. ती दोनदा काढली आहे, पाठीला पाठ लावून. संध्याकाळी ती सूर्याचा गोळा गिळते, तो रात्रभर तिच्या अंगातून प्रवास करतो आणि पहाटे ती त्याला जन्म देते. गिळतानाचा लाल गोळा तिच्या ओठांशी आहे. मी तिथे उभा होतो तेव्हा शेजारच्या इटालियन बाईही तोंड उघडं ठेवून वर बघत होत्या, आणि कोणीही काहीही समजावून सांगत नव्हतं. मग कोपऱ्यातला पहारेकरी बोटाने खूण करायला लागला, ‘इकडे या, खास दाखवतो.’ बक्षिशीचा खेळ. पण त्याने खरंच खास दाखवलं. बोळाच्या भिंतीवर चित्रांच्या मधोमध ग्रीक अक्षरं ओरखडलेली होती.

पर्यटकांची नावं! या दरीतल्या थडग्यांत ग्रीक आणि लॅटिनमधले असे दोन हजारांवर ओरखडे मोजलेले आहेत, आणि त्यातले जवळजवळ निम्मे या एकट्या थडग्यात. ग्रीक-रोमन काळात ही थडगी उघडीच होती आणि लोक हौसेने बघायला येत. बहुतेकांनी आपलं नाव लिहिलंय, काहींनी ‘पाहिलं, थक्क झालो’ या अर्थाचं काहीतरी. पण अभ्यासकांनी एक असा पाहुणा शोधून काढलाय ज्याने लिहून ठेवलं, की मी येऊन गेलो आणि शवपेटी सोडून मला इथलं काहीही आवडलं नाही. बोटीवर परतल्यावर हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की हिने विचारलं, काय झालं? अहो, माझा माणूस सापडला! एवढं सोनेरी-निळं छत डोक्यावर, आजूबाजूला सगळे ‘वाऽ’ करणारे, आणि हा पठ्ठ्या खडखडीत सांगतो, पेटी बरी आहे. दुसऱ्या एकाने तक्रार केली आहे की ही चित्रलिपी आपल्याला वाचता येत नाही. त्याखाली तिसऱ्याने लिहिलंय, की वाचता येत नाही तर तुझं बिघडतंय काय, मला तुझा त्रास कळत नाही. दगडावर! आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून जे चालतं, तेच.

नावं लिहिण्याचा हा रोग तिथेही जुनाच. अबू सिंबेलच्या एका प्रचंड मूर्तीच्या पायावर इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात आलेल्या ग्रीक भाडोत्री सैनिकांची नावं आहेत. ते न्युबियाच्या मोहिमेवर होते, वाटेत थांबून पाय खरवडला. लक्सरजवळ मेमनॉनचे दोन पुतळे आहेत. त्यातला एक भूकंपात तडकल्यावर पहाटे आवाज करायचा. तो ऐकायला इसवी सन १३० मध्ये रोमन सम्राट हेड्रियन आला, आणि सोबत आलेल्या ज्युलिया बाल्बिला या कवयित्रीने पुतळ्याच्या पायावर ग्रीकमध्ये कविताच कोरवल्या. याच्याही आधी, रामसेस दुसऱ्याच्या काळातला खजिन्याचा एक कारकून सक्काराला भावाबरोबर सहलीला गेला होता, आणि तिथल्या भिंतीवर त्याने शाईने तसं लिहून ठेवलंय. तो बघत होता ती वास्तू तेव्हाच तेराशेहून अधिक वर्षांची जुनी होती. म्हणजे इजिप्तमध्ये पडझड बघायला इजिप्तचेच लोक येत होते, आणि नाव लिहून जात होते.

आता यातला गुन्हा कोणता आणि वारसा कोणता? २०१३ साली एका चिनी शाळकरी मुलाने लक्सरच्या देवळात कोरलेलं नाव उजेडात आलं तर त्याच्याच देशात एवढा गदारोळ झाला की आईवडिलांना जाहीर माफी मागावी लागली. आपल्याकडे १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या मागावर अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरला आणि चित्रावर नाव-तारीख खरवडून आला. तेव्हा आत राडारोडा साचलेला होता, त्यावर तो उभा होता; म्हणून नाव आता आपल्या डोक्याच्या वर दिसतं, आणि गाइड टॉर्च मारून कौतुकाने ते दाखवतात. उद्या सिंहगडावरच्या बदामात बाण मारलेल्या नावांवर कोणी पीएचडी करेल. तोवर गडावरची पोरं रविवारी ब्रश-बादली घेऊन ती घासत राहतील, आणि माझं मत विचाराल तर घासूच द्यावीत. जॉन स्मिथचंही घासता आलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटच्या दुपारी कार्यक्रमात अलाबास्टरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दुकान. नानांनी बसमध्ये मतदान घेतलं. रीतसर, हात वर करून, विरोधकांना बोलायची संधी देऊन. कारखाना पडला. गाइडचा चेहरा उतरला, मग त्यालाही उत्साह आला आणि तो आम्हाला देर अल-मदिनाला घेऊन गेला. राजांच्या दरीतली थडगी ज्यांनी खोदली, रंगवली, त्या कारागिरांचं हे गाव. कमरेएवढ्या उरलेल्या दगडी भिंती, अरुंद गल्ली, एकाला एक चिकटलेली घरं. नाना गल्लीच्या तोंडाशीच थांबले. ‘चाळ आहे,’ म्हणाले.

तिथे सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं थडगं आहे. वाकून, जवळजवळ रांगत आत जावं लागतं. खोली एवढीशी, पण भिंती आंब्याच्या रसासारख्या पिवळ्याधमक. तो आणि त्याची बायको मरणानंतरच्या शेतात पांढरीशुभ्र चुणीदार वस्त्रं नेसून कामाला लागलीत. हा नांगर धरतोय, ती मागून पेरतेय. दुसऱ्या पट्टीत हा विळ्याने कणसं कापतोय, ती टोपलीत वेचतेय. कपड्याला मातीचा एक डाग नाही. हिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘मेल्यावरही मागे चालत वेचायचंच.’

बाहेर आल्यावर गाइड खुलला होता. या गावाच्या हजेरीच्या नोंदी दगडाच्या चकत्यांवर सापडल्या आहेत, त्याने सांगितलं. एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कोण कामावर का आला नाही, ते लिहिलेलं. एकाला विंचू चावला. एकाचे डोळे आले. एक घरी बिअर गाळत होता, आणि ते कारण म्हणून चाललंही. मग त्याने सांगितलं की जगातला पहिला नोंदलेला संप याच लोकांचा. रामसेस तिसऱ्याच्या राजवटीचं एकोणतिसावं वर्ष, इसवी सनापूर्वी ११५७ च्या सुमारास. पगार धान्यात मिळायचा, तो थकला. कारागिरांनी हत्यारं खाली ठेवली, पहारा ओलांडून बाहेर पडले आणि जवळच्या एका देवळामागे जाऊन बसले. भूक लागली आहे, कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, हे फेरोला कळवा, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं.

नानांनी चिवड्याची पिशवी बंद केली.

‘किती दिवस बसले?’

‘काही दिवस. रोज वेगळ्या देवळापाशी.’

‘मग? मिळालं?’

‘मिळालं,’ गाइड म्हणाला. ‘थकलेलं धान्य मिळालं. पण पुढे परत थकलं. परत बसले.’

‘आश्वासनावर उठले असणार,’ नाना माझ्याकडे वळून म्हणाले. ‘लेखी घ्यायला पाहिजे होतं.’

मी ते गाइडला इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, ‘लेखी आहे ना. एका कारकुनाने सगळं पपायरसवर उतरवून ठेवलंय.’

‘कुठाय?’

‘इटलीत. तुरीनला.’

नानांनी तिथल्या तिथे पिशवीतून डायरी काढली आणि तुरीनचं स्पेलिंग विचारून घेतलं.