व्हीपीएन जोडले जात नाही? आधी राउटरचा पत्ता पाहा

परगावी असताना घरातला सीसीटीव्ही किंवा संगणकातली एखादी फाइल सुरक्षितपणे पाहता यावी, म्हणून अनेक जण घरच्या राउटरवरच व्हीपीएन सुरू करतात. मार्ग योग्यच आहे. कॅमेऱ्याचा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडणे किती महागात पडते, हे २०१६ मध्ये ‘मिराई’ने दाखवले. मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर त्याने ताब्यात घेतले होते. पण सगळी सेटिंग नीट करूनही बाहेरून व्हीपीएन जोडले जात नाही आणि वैतागून फायरवॉलच बंद केली जाते. तसे करू नका; दोष बहुधा तिचा नसतो.

राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’ पाहा. मग त्याच वाय-फायवरून ‘माझा आयपी’ दाखवणारी कोणतीही वेबसाइट उघडा. दोन्ही आकडे सारखे नसतील, तर तुमच्या राउटरच्या पुढे आणखी एक दार आहे. वॅन आयपी १९२.१६८ने सुरू होत असेल, तर बहुधा फायबरवाल्याचा डबाही राउटरचे काम करतोय; तो ब्रिज मोडवर टाकून घ्या. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. याला सीजीनॅट म्हणतात. अशा जोडणीवर राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरची हाक घरापर्यंत येतच नाही.

कंपन्यांची अडचण खरी आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते जेमतेम ४३० कोटी, आणि आशियातला मोकळा साठा २०११ मध्येच आटला. पण ग्राहकाला हे प्लॅन घेतानाच सांगायला काय हरकत आहे? वेगाचा आकडा जाहिरातीत ठळक असतो, पत्ता सामायिक आहे हे मात्र कुठेच नसते. उपाय दोन: जादा पैसे मोजून स्टॅटिक आयपी घेणे, किंवा दोन्ही टोकांना आयपीव्ही६ असेल तर त्यावरून जोडणे.

पत्ता सार्वजनिक असूनही अडले, तर पोर्ट तपासा. वायरगार्डला सहसा ५१८२० लागतो, ओपनव्हीपीएनला ११९४. दोन्ही यूडीपी, घाईत टीसीपी निवडले की संपले. वायरगार्ड चुकीच्या किल्लीला उत्तरच देत नाही, त्यामुळे ‘एरर’ची वाट पाहू नका, शेवटचा हँडशेक कधी झाला ते बघा. चाचणी मोबाइल डेटावरून करा, कारण घरच्या वाय-फायवरून स्वतःचाच बाहेरचा पत्ता गाठणे अनेक राउटरना जमत नाही.

व्हीपीएन जोडले, पण घरातले काहीच उघडत नाही? घर आणि ऑफिस, दोन्हीकडे १९२.१६८.१ हीच मालिका असेल, तर फोन गोंधळतो. घरची मालिका बदला. छोटी पाने उघडतात आणि मोठी अडकतात, असे होत असेल, तर एमटीयू १४२०वरून १२८०वर आणून पाहा.