नियम दारावरच असावा

अमेरिकेत टेक्सासमधील एल पासो येथे वॉलमार्टच्या दुकानात ३ ऑगस्ट २०१९ रोजी झालेल्या गोळीबाराने २३ जणांचा बळी घेतला. पुढील महिन्यात त्या पेढीने गिऱ्हाइकांस उघडपणे शस्त्र न आणण्याची विनंती केली. परवानाधारकाच्या झाकलेल्या शस्त्रास मात्र मुभा ठेविली. हा भेद आम्हांस पटत नाही. उघडे शस्त्र निदान दिसते. झाकलेल्याची वार्ता शेजाऱ्यासही नसते. त्या राज्यात इंग्रजी व स्पॅनिशमध्ये, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांची कायदेशीर पाटी लावून दुकानदारास झाकलेल्या पिस्तुलासही मनाई करता येते. गिऱ्हाईक तुटण्याचे भय आम्ही जाणतो; तथापि व्यापार विश्वासावर चालतो. मालकाने पाटी लावण्याचे धैर्य दाखवावे. नकार देण्याचे संकट गल्ल्यावरील नोकरावर ढकलू नये.