समुद्र न पाहता केलेली योजना

गेल्या वर्षीची गोष्ट. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी ग्रामीण विकासावर प्रकल्प करायला सांगितला. वर्गाचे गट पाडले, चिठ्ठ्या टाकल्या. कोणाला दुष्काळी गाव आले, कोणाला आदिवासी पाडा, कोणाला धरणामुळे उठून नव्या जागी वसलेले गाव. आमच्या गटाच्या वाट्याला आले 'समुद्रकाठचे गाव'. चिठ्ठी वाचताच सारा वर्ग हसला. हसण्यासारखेच होते ते! आम्ही पडलो मीनाकाठची माणसे. आमच्या पाच जणांपैकी तिघांनी समुद्र पाहिला होता तो शाळेच्या सहलीत, आणि तेव्हाही निम्मे लक्ष भेळेच्या गाडीकडे होते. उरलेल्या दोघांनी तो फक्त सिनेमात पाहिला होता.

तसे पाहिले तर आपल्या जुन्नर तालुक्याचा आणि समुद्राचा संबंध फार जुना आहे. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजारात येत असे. घाटमाथ्यावरच्या गुहेत नागनिका राणीचा लेख आहे, बाहेर तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना समुद्राचे मोल कळत होते. आम्हांला मात्र तो वीस गुणांपुरताच हवा होता.

आठ दिवस ग्रंथालयात बसून आम्ही योजना तयार केली. आज ती वाचली की लाज वाटते, पण त्या वेळी आम्ही तिच्यावर बेहद्द खूष होतो. किनाऱ्यावर रात्री अंधार असतो, म्हणून उंच खांबांवर प्रखर दिवे. लाटांनी जमीन धुपते, म्हणून किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडी भिंत. पर्यटक यावेत म्हणून थेट वाळूपर्यंत काँक्रीटचा रस्ता आणि मोटारी उभ्या करायला जागा. बसायला सिमेंटचे बाक. आणि गावाच्या वेशीवर स्वागत कमान. कमान तर हवीच! कमानीशिवाय आपल्याकडे विकास झाल्यासारखा वाटतच नाही. शेवटी खर्चाचे अंदाजपत्रक जोडले आणि वही सरांच्या हाती दिली. सरांनी ती शांतपणे वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "गावाचे नाव काय?"

आमच्या योजनेत सगळे होते, फक्त गाव नव्हते.

सरांनीच मग सुचवले की एखादे खरे गाव पाहून या. त्याप्रमाणे मार्च महिन्यात आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी गेलो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे नाव नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून ठाऊक असेल. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून, माणगाव, मंडणगड करीत आम्ही संध्याकाळी पोहोचलो तेव्हा अंग अगदी आंबून गेले होते. नारळी-पोफळीच्या बागा, लाल चिऱ्यांची कौलारू घरे, शेणाने सारवलेली अंगणे. एका घरी आमची राहण्याची सोय झाली. घरच्या काकूंनी हातपाय धुवायला पाणी दिले, पुढ्यात सोलकढी ठेवली आणि म्हणाल्या, "लवकर निजा. पहाटे पिल्ले पाहायला जायचे आहे ना?"

ही पिल्ले म्हणजे समुद्री कासवांची पिल्ले. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पुढे वाळूच्या उबेवर पन्नासेक दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. पूर्वी ही अंडी कोल्ही-कुत्री खात आणि माणसेही उकरून नेत. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने येथे संरक्षणाचे काम सुरू केले. त्यासाठी बाहेरून पहारेकरी आणले नाहीत. गावातलेच तरुण पहाटे किनारा पालथा घालू लागले. वाळूवर मादीच्या खुणा दिसल्या की घरटे शोधायचे, अंडी अलगद काढून जाळीच्या कुंपणात तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची आणि पिल्ले निघाली की समुद्राच्या दिशेने सोडायची. २००६ पासून 'कासव महोत्सव' सुरू झाला. पाहुणे येऊ लागले आणि ते गावकऱ्यांच्या घरीच राहू-जेवू लागले. गावात हॉटेल उभे न राहता घरोघरी चार पैसे आले. पुढे आंजर्ले आणि कोकणातल्या इतर किनाऱ्यांवरही असे काम उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते पाहिले. झाकलेली टोपली उचलली, आणि तळहाताच्या निम्म्याएवढी काळसर पिल्ले वाळूवर सोडली. कोणी शिकवलेले नसताना ती समुद्राकडे निघाली. ती दिशा कशी ओळखतात, असे मी तिथल्या एका कार्यकर्त्याला विचारले. तो म्हणाला, "रात्री समुद्राकडचे क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असते. पिल्ले उजेडाकडे जातात. किनाऱ्यावर दिवे लावले तर ती उलटी फिरतात, गावाकडे येतात आणि मरतात."

आम्ही पाचही जण एकमेकांकडे पाहू लागलो. आमच्या योजनेतले पहिलेच कलम दिव्यांचे होते! पुढची कलमेही मग एकेक करून आठवू लागली. दगडी भिंत बांधली तर मादी कोरड्या वाळूपर्यंत येणार कशी? मोटारी वाळूपर्यंत नेल्या तर घरटी चिरडणार. ज्या गोष्टीमुळे गावाला नाव आणि घरोघरी मिळकत मिळाली होती, तिचाच आम्ही विकासाच्या नावाखाली पायापासून उच्छेद मांडला होता. आणि आमचा हेतू? हेतू अत्यंत शुद्ध होता. म्हणूनच मला त्या दिवसापासून शुद्ध हेतूची भीती वाटू लागली आहे.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही, हे खरे तर आपल्या भागातल्या माणसांना लगेच कळायला हवे. खोडदची महाकाय दुर्बीण आपण सर्वांनी पाहिली आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आपल्या परिसरात पसरल्या आहेत. ही जागा निवडण्याचे एक कारण हे की येथे माणसांनी केलेला रेडिओ लहरींचा गोंगाट कमी होता. तिथे आपण जी 'शांतता' जपतो तिची किंमत जगभरच्या शास्त्रज्ञांना कळते. वेळासच्या किनाऱ्यावरचा अंधारही तसाच. आमच्या यादीत तो 'उणीव' म्हणून लिहिला होता. प्रत्यक्षात ती गावाची ठेव होती.

रात्री जेवताना मी काकूंना विचारले, "काकू, तुमच्या गावासाठी काय करायला हवे?" मला वाटले, त्या कासवांविषयी बोलतील. त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात पाणी पुरले पाहिजे. रात्री कोणाला बरे वाटेनासे झाले तर डॉक्टर जवळ हवा. आणि मुले मुंबईला गेली ती परत यावीत असे काहीतरी हवे." दिव्यांचे मी भीतभीतच विचारले. तेव्हा हसून म्हणाल्या, "किनाऱ्यावर दिवे कशाला रे? तिला अंधारातच यायची सवय आहे."

कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरीही वैशाखात कितीतरी वाड्यांवर पाण्याची ओढ असते. पाणी, डॉक्टर, रोजगार या तीनही गोष्टींचा आमच्या योजनेत उल्लेख नव्हता. कारण त्या छायाचित्रात दिसत नाहीत.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. आमच्याच गटातल्या एका मैत्रिणीने परतीच्या एस.टी.त तो घेतला. ती म्हणाली, "शहरातल्या लोकांना अंधार आणि कौले आवडतात म्हणून गावाने तसेच राहायचे का? तुम्ही चार दिवस राहून जाता. त्यांनी जन्मभर राहायचे." तिचे म्हणणे मला नाकारता आले नाही. शिवाय किनाऱ्यावरच्या गावाला निसर्ग नुसता देतच नाही, घेतोही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा मंडणगड-दापोलीच्या बागाही आडव्या झाल्या. पोफळीचे झाड उत्पन्नाला यायला कितीतरी वर्षे लागतात. ते एका दुपारी मोडून पडते. तेव्हा समुद्रकाठच्या गावाला पक्की घरे हवीत, निवारा हवा, रस्ताही हवा. प्रश्न सुधारणा हवी की नको हा नाहीच. ती कोणी ठरवायची आणि ठरवल्यावर कोणी सांभाळायची, हा प्रश्न आहे.

सांभाळण्याचे महत्त्व कोकणाला नवे नाही. अलिबाग-पेणच्या खारेपाटात समुद्राचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालत आले. बांधाला खांड पडली की साऱ्यांनी मिळून ती बुजवायची, हा रिवाज होता. पुढे खारभूमीचे कायदे झाले, बांध सरकारच्या ताब्यात गेले. त्यानंतर खांड पडली की शेतकरी कचेरीकडे पाहू लागला आणि कचेरी मंजुरीकडे. बांध तोच, समुद्र तोच. पण 'हा माझा' म्हणणारा हात निघून गेला.

याच्या उलट उदाहरणही कोकणातच आहे. दापोली तालुक्यातले मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. स्त्रीशिक्षणाच्या महान कार्याआधी, तरुणपणी मुंबईत असताना, त्यांनी गावच्या माणसांकडून वर्गणी जमवून गावाच्या कामासाठी 'मुरूड फंड' उभा केला होता. पोटासाठी शहरात गेलेल्या माणसानेही गावाचा एक घास बाजूला काढावा, ही त्यामागची भावना. कोणी मोठा देणगीदार पाहून त्याच्या नावाची पाटी लावणे त्यांना सोपे गेले असते. पण थोडे का होईना, प्रत्येकाचे पडले की प्रत्येकाचा डोळा त्यावर राहतो.

आज कायद्यानेही गावाच्या हाती बरेच दिले आहे. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. चौदाव्या वित्त आयोगानंतर आपल्या राज्यात 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने ग्रामपंचायतीने स्वतःचा आराखडा करायचा, असे ठरले. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असेही कायदा सांगतो. समुद्रकाठच्या गावांसाठी १९९१ साली किनारपट्टीवरील बांधकामांवर निर्बंध घालणारी अधिसूचना निघाली. २०११ व २०१९ मध्ये ती नव्याने काढण्यात आली. कागदावर उणे काही नाही. पण ग्रामसभेची गणपूर्ती किती, तर १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांत जी संख्या कमी असेल ती. आणि तेवढीही न जमल्याने सभा तहकूब झाल्याचे आपण किती वेळा ऐकतो! मित्रहो, आपल्यापैकी किती जण आपल्या गावाच्या ग्रामसभेला कधी बसले आहेत? मी हा प्रश्न वर्गात विचारला. चार हात वर झाले. माझा हात त्यांत नव्हता.

आता जरा आपल्या घरचे पाहू. तीन वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही जवळच्याच एका गावात सात दिवस राबलो. शोषखड्डे खणले, गटारे साफ केली, भिंतींवर घोषवाक्ये रंगवली. समारोपाला भाषणे झाली, छायाचित्रे निघाली. वेळासहून आल्यावर मी मुद्दाम त्या गावी जाऊन आलो. शोषखड्डे गाळाने भरले होते. दोन तर बुजवून त्यांवर गवताची गंज रचली होती. एका आजोबांनी मला ओळखले आणि प्रेमाने चहा पाजला. ते म्हणाले, "बाळा, खड्डा चुकीच्या जागी होता. पावसाचे पाणी तिथूनच वाहते. पण तुम्ही एवढ्या उत्साहाने खणत होता, म्हटले कशाला बोला!" दोष त्या गावाचा नव्हता. त्यांना विचारण्याचे आम्हांला सुचले नव्हते, आणि खणल्यानंतर परत येऊन पाहण्याचेही.

म्हणून माझी आपल्या महाविद्यालयाला एक नम्र सूचना आहे. आपण जे गाव दत्तक घेतो ते निदान तीन वर्षांसाठी घ्यावे. पहिल्या वर्षी कुदळ हाती घेऊच नये. घरोघर जाऊन, विशेषतः बायकांना आणि म्हाताऱ्यांना विचारून, गावात काय आहे याची नोंदवही करावी. काय नाही याची यादी करायला तर कोणीही तयार असतो. ती वही ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि गावाने मान डोलावली तरच दुसऱ्या वर्षी काम करावे; तेही असे, की ज्याची डागडुजी गाव स्वतःच्या बळावर करू शकेल. तिसऱ्या वर्षी नवे काही न करता केलेले काम तपासायला जावे. छायाचित्रे काढायचीच असतील तर ती तिसऱ्या वर्षी काढावीत.

आपले नारायणगाव तरी कोणाच्या आराखड्याने मोठे झाले? गुढीपाडव्याच्या सुमारास येथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावची यात्रा कमिटीची माणसे सुपारी द्यायला येतात. हे केंद्र कोणी कचेरीत बसून आखले नव्हते. कलावंतांनी आणि गावकऱ्यांनी ते मिळून वाढवले. अशा गोष्टी आधी ओळखाव्या लागतात, मगच त्यांना हातभार लावता येतो.

आमच्या प्रकल्पाचे पुढे काय झाले? आम्ही जुनी वही फाडली नाही. तीत प्रत्येक कलमापुढे ते का खोडले याचे कारण लिहिले आणि तशीच सरांना दिली. स्वागत कमानीपुढे मात्र कारण लिहायला कोणी तयार होईना. शेवटी मी लिहिले, "गावाने मागितली नाही."

सरांनी त्या वाक्याखाली लाल शाईने रेघ ओढली. वीसपैकी बारा गुण मिळाले. मला वाटते, पहिल्या योजनेला एवढेही मिळायला नको होते.