पिकअपवर रेल्वेचा भोंगा

उल्हासनगर कॅम्प १ मध्ये शहाड स्टेशनाकडून भोंगा आला की कान आपोआप टवकारतात. विठ्ठलवाडी, अंबरनाथ, बदलापूरकडेही तेच. या पट्ट्यात माणसं आजही रूळ ओलांडतात. बेकायदा आहे, तरी ओलांडतात. वेगातली लोकल ब्रेक मारून जागच्या जागी थांबत नाही, त्यामुळे मोटरमनची सगळी भिस्त भोंग्यावर असते.

तोच आवाज पिकअपवर बसवून द्या म्हणून आता गिऱ्हाईक गॅरेजात येतं. ऑटो इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्या आपल्या मंडळींनी हे काम घेऊ नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. कल्याण-बदलापूर रस्ता रुळांच्या सोबतीनेच जातो. तिथे दिवसभर खोटे भोंगे वाजू लागले, तर रुळावरचा माणूस खऱ्या भोंग्यालाही मान वळवणार नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११९ कर्कश आणि घाबरवणाऱ्या आवाजाची साधनं गाडीवर लावायला मनाई करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय लायसन्स ३ महिने जातं. पिकअप चालवून पोट भरणाऱ्याला हे तीन महिने दंडापेक्षा जड जातात. गिऱ्हाइकाला हे आधी सांगा.

चारचाकीच्या हॉर्नचा आवाज ७ मीटरवर ९३ ते ११२ डेसिबल असावा लागतो. या भोंग्याच्या संचाच्या खोक्यावर १५० छापलेलं असतं. तो आकडा १ मीटरवरचा धरला, तरी ७ मीटरवर १३३ च्या आसपास उरतो, आणि दर १० डेसिबलला कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो. पत्र्याच्या गाळ्यात हा भोंगा वाजवून बघणाऱ्या पोराच्या कानांचं काय होत असेल?

वायरिंगचाही प्रश्न आहेच. पिकअपचे ब्रेक हायड्रॉलिक असतात, मोठ्या ट्रकसारखी हवेची टाकी तिला नसते. म्हणजे कंप्रेसर, टाकी, सोलेनॉइड व्हॉल्व्ह सगळं नव्याने आलं. कंपनीचा हॉर्न ४-५ अँपिअर घेतो, कंप्रेसर सहज २० च्या पुढे जातो. हॉर्नच्याच वायरला जोड देऊन, फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकला, की वायर वितळायला वेळ लागत नाही.

मुळात गिऱ्हाइकाची तक्रार बहुतेक वेळा एवढीच असते की हॉर्न कुणाला ऐकूच जात नाही. मग बटण दाबून धरायला सांगा आणि हॉर्नच्या दोन्ही टर्मिनलांवर मल्टिमीटर लावा. बॅटरीवर १२.४ व्होल्ट आणि इथे १०.५ दिसले, तर दोष लाइनमध्ये आहे. मग बटण दाबलेलं असतानाच हॉर्नच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा. अर्धा व्होल्टही दिसला तर अर्थ गंजला आहे. बोल्ट सोडा, खालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, बोल्ट घट्ट आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा. कनेक्टर हिरवा पडलाय का, रिलेचे पॉइंट जळलेत का, तेही बघा. एवढं करून भागलं नाही, तर मान्यताप्राप्त ट्विन-टोन जोडी स्वतंत्र रिले आणि योग्य फ्यूज देऊन बसवा. या कामाची मजुरी पूर्ण मागा, ती रास्त आहे.

आधी बसवलेला संच काढायला गाडी आली, तर बॅटरीचा निगेटिव्ह सोडा, टाकीचा ड्रेन कॉक उघडून हवा पूर्ण जाऊ द्या आणि मगच पाइपाला हात लावा.